घोट्याची लवचीकता : कृत्रिम पाऊल आणि नैसर्गिक चाल



ज्या शाळेच्या फरशीवर बसून अक्षरे गिरविली, त्याच शाळेत स्मृतिव्याख्यान देण्यासाठी उभे राहताना मनात आनंदापेक्षा संकोच अधिक आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आम्हांला विज्ञान शिकवीत. तरफ, कप्पी, चाक, पंप असे एखादे साधन कसे चालते हे फळ्यावर समजावून झाले, की ते हातातील खडू खाली ठेवीत आणि विचारीत, "आणि हे चालते कोणाकरिता?" त्या वयात हा प्रश्न आम्हांस पाठ्यपुस्तकाबाहेरचा वाटे. पुढे माझे बहुतेक आयुष्य कृत्रिम पाय तयार करण्यात गेले आणि हाच प्रश्न माझ्या व्यवसायातील सर्वांत कठीण प्रश्न आहे, असे ध्यानात आले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी विषय निवडला आहे तो घोट्याचा. गुडघ्याखालून पाय गमावलेल्या माणसाला नैसर्गिक वाटावे असे चालता येण्यासाठी कृत्रिम पावलाचा घोटा कसा असावा, तो किती वाकावा आणि कोठे ताठ राहावा, याचा विचार आपण करणार आहोत.

कृत्रिम पायाची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पला नावाच्या स्त्रीचा उल्लेख येतो. युद्धात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूची जंघा बसवून दिली, अशी ती कथा. मात्र ती जंघा घोट्यात वाकत होती किंवा काय, हे सूक्तकाराने सांगितलेले नाही. त्यानंतरच्या शेकडो वर्षांतही या प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पाय म्हणजे शरीराचा भार पेलणारा खांब, अशीच समजूत राहिली. खांब उभा करणे तुलनेने सोपे असते. चालणारा पाय करणे ही निराळी गोष्ट आहे.

घोटा काय काय करतो?

घोटा हा एक सांधा नव्हे, तर एकावर एक असलेल्या दोन सांध्यांची ती जोडी आहे. वरचा सांधा नडगीचे हाड आणि पावलाचे हाड यांच्यामध्ये असून त्यामुळे पाऊल वर-खाली होते. त्याच्या खालचा सांधा पावलाला डाव्या-उजव्या अंगास कलू देतो. सपाट रस्त्यावर चालताना पहिल्याचे काम अधिक. नांगरलेल्या वावरातून, दगडगोट्यांतून किंवा उतरत्या धुऱ्यावरून चालताना दुसऱ्याचेही तितकेच.

चालण्याच्या एका फेऱ्यात प्रत्येक पाय सुमारे 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के वेळ हवेत असतो. जमिनीवरच्या त्या काळात तीन गोष्टी एकामागून एक घडतात. प्रथम टाच टेकते आणि पाऊल हळूहळू खाली येते. ते फटकन आपटू नये म्हणून नडगीच्या पुढचे स्नायू त्याला धरून ठेवतात. मग संपूर्ण तळपाय जमिनीवर असताना नडगी घोट्यावरून पुढे झुकते आणि पोटरीचे स्नायू तिला लगाम घालतात. अखेरीस टाच उचलली जाते, भार चवड्यावर येतो आणि पोटरी शरीराला पुढे लोटते. टाच, घोटा आणि चवडा हे असे तीन आस. आणि शरीर एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर डोलत पुढे जाते.

बैलबंडीच्या चाकाकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. चाक जमिनीवरून लोळते, म्हणून बंडी धक्के न खाता पुढे जाते. माणसाला चाक नाही. परंतु टाच टेकण्यापासून चवडा उचलण्यापर्यंत पायाखाली भार कसा सरकतो हे नडगीच्या दृष्टीने मोजले, तर जी वक्ररेषा मिळते ती चाकाच्या परिघाच्या एका तुकड्यासारखी असते. तिची त्रिज्या पायाच्या लांबीच्या सुमारे तीन-दशांश भरते, असे संशोधकांना आढळले आहे. म्हणजे प्रत्येक पावलागणिक आपण एका अदृश्य चाकाचा तुकडा जमिनीवर अंथरतो आणि त्यावरून पुढे जातो. चांगल्या कृत्रिम पावलाने हाच तुकडा पुन्हा निर्माण करावयाचा असतो.

यासाठी घोटा फार वाकावा लागतो असेही नाही. सपाट जमिनीवर चालताना तो वरच्या बाजूस सुमारे 10 अंश आणि खालच्या बाजूस सुमारे 20 अंश वाकतो. परंतु उकिडवे बसावयाचे झाले तर टाच न उचलता नडगीला याच्या दुप्पट-तिप्पट पुढे झुकावे लागते. मांडी घालून पंगतीला बसताना तर पाऊल आडवे पडते, आतल्या अंगास वळते आणि थोडे पिरगळतेही. चालण्याचे शास्त्र ज्या देशांत प्रथम लिहिले गेले, तेथे लोक खुर्चीवर बसतात आणि घराबाहेर बूट घालतात. त्यामुळे या हालचालींचा हिशेब त्या शास्त्रात फारसा धरलेला नव्हता.

पोटरीपासून टाचेपर्यंत गेलेल्या जाड कंडरेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. नडगी पुढे झुकताना ही कंडरा ताणली जाते आणि टाच उचलताना ती साठविलेली शक्ती परत देते, जशी ताणलेली धनुष्याची दोरी बाण सोडते तशी. पाय तुटला की हाडाबरोबर हे धनुष्यही जाते. गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाला त्याच वेगाने चालण्यासाठी धडधाकट माणसापेक्षा सुमारे 10 ते 30 टक्के अधिक शक्ती खर्च करावी लागते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

ताठ घोट्याचे पाऊल

युरोपात घोटा वाकविण्याचे प्रयत्न जुनेच. 1815 सालच्या वॉटर्लूच्या लढाईत पाय गमावलेल्या एका इंग्रज सरदारासाठी जेम्स पॉट्स या कारागिराने घडविलेला लाकडी पाय प्रसिद्ध आहे. त्यात गुडघा आणि घोटा तातीच्या दोऱ्यांनी जोडलेले होते. गुडघा वाकला की पाऊल वर उचलले जाई. पुढे घोट्यात लोखंडी आस आणि पुढे-मागे रबराचे ठोकळे अशी पावले आली. त्यांत खडखडाट फार, आस झिजे आणि सांध्यात माती शिरे.

या त्रासावर 1950 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात एक उत्तर निघाले. त्यांनी घोट्यातील सांधाच काढून टाकला. पावलात लाकडाचा ताठ कणा ठेवला, टाचेला मऊ स्पंजासारखी गादी दिली आणि त्यावर पावलाचा आकार चढविला. टाच टेकली की गादी दबते आणि घोटा खाली वाकल्याचा आभास होतो. या पावलाला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'सॅच' म्हणतात. त्याचा अर्थ ताठ घोटा आणि मऊ टाच. त्यात हलणारा भाग नाही, किंमत कमी, मोडतोड कमी. जगभर ते पसरले ते उगाच नव्हे. बूट घालून सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला त्याने चांगली सोबत केली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

आपल्या देशात त्या काळी ही विद्या मोजक्या ठिकाणीच उपलब्ध होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944 साली, पुण्यास सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. मुंबईस हाजी अली येथे 1955 साली पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. पुढे 1972 साली कानपुरात कृत्रिम अवयवांच्या निर्मितीसाठी 'एलिम्को' हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. दूरदूरच्या प्रांतांतून माणसे एका पायासाठी शेकडो मैलांचा प्रवास करीत.

एक चूक

येथे मला एक वैयक्तिक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय पुढचे विवेचन पुस्तकी ठरेल.

1980 च्या सुमारास मी एका कार्यशाळेत हे काम शिकत होतो. आमच्याकडे अनेक वर्षे सालदार असलेल्या काकांचा पाय मळणी यंत्रात सापडून गुडघ्याखालून कापावा लागला. मी मोठ्या उत्साहाने त्यांना घेऊन गेलो आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातांनी त्यांचा पाय तयार केला. त्यात सॅच पाऊल बसविले, काळे बूट दिले. कार्यशाळेच्या गुळगुळीत फरशीवर, दोन दांड्यांच्या मध्ये, ते इतके सुरेख चालले की मला स्वतःचा अभिमान वाटला. त्यांचे छायाचित्रही काढले.

पुढच्या पोळ्याला मी गावी आलो, तेव्हा काका अंगणात काठ्यांवर उभे होते आणि मी केलेला पाय गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेला होता. पावसाळ्यात बुटात चिखल गेला, टाचेची गादी पाणी पिऊन कुजली. बूट काढला तर टाचेची उंची बदले आणि माणूस मागे पडे. ढेकळांत पाय टाकला की पाऊल कलत नसे. सारा पीळ वर येऊन उरलेल्या पायाच्या कातडीवर पडे आणि तेथे जखमा होत. उकिडवे बसता येत नव्हते, म्हणजे बैलाच्या खुराला हात लावता येत नव्हता, की शौचास बसता येत नव्हते. त्यांनी माझ्यावर राग केला नाही. एवढेच म्हणाले, "हा पाय तुमच्या फरशीवरचा हाय, भाऊ. माह्या वावरातला नाही."

गुरुजींचा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. पाऊल वाईट नव्हते. ते कोणाकरिता, हे मी विचारलेच नव्हते. मी त्यांची नडगी मोजली, उरलेल्या पायाचा घेर मोजला, वजन घेतले. पण ते दिवसभर कोठे चालतात, कसे बसतात, पायांत काय घालतात, हे एकदाही विचारले नाही. हा दोष पावलाचा किंवा कार्यशाळेचा नव्हता. तो माझा होता.

जयपूरचे उत्तर

ज्या प्रश्नावर मी अडखळलो, त्याचे उत्तर त्यापूर्वीच, 1968 च्या सुमारास, जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात शोधले गेले होते. तेथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांचे ते काम. रामचंद्रजी परंपरागत कारागिरांच्या घराण्यातले. औपचारिक शिक्षण बेताचे. रुग्णांना हस्तकला शिकविण्यासाठी ते रुग्णालयात येत. सारे त्यांना 'मास्टरजी' म्हणत. कृत्रिम पाय मिळालेली माणसे काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर का येतात, हे त्यांनी पाहिले. कारण तेच होते, जे मला पुढे गोठ्यातल्या खुंटीवर दिसले.

मास्टरजींना उपाय सुचला तो ट्रकच्या टायरवर रबर चढविणाऱ्या दुकानात. तापवून पक्के केलेले रबर पाणी पीत नाही, चिखलाला डरत नाही आणि खडबडीत रस्त्यावर हजारो मैल टिकते. त्यांनी प्रथम संपूर्ण भरीव रबराचे पाऊल करून पाहिले. ते मजबूत झाले, परंतु जड आणि ताठ. मग त्यांनी पावलाचे अंतरंग तीन भागांत विभागले. टाचेचा भाग आणि चवड्याचा भाग स्पंजासारख्या रबराचा; त्यांच्यामध्ये घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा, ज्यातून बोल्ट वर जाऊन पायाला जोडला जातो. या तिन्हींभोवती टायरमध्ये वापरतात तशा दोऱ्यांनी बळकट केलेल्या रबराचे थर गुंडाळून, बाहेर कातडीच्या रंगाचे रबर देऊन, धातूच्या साच्यात घालून ते सारे तापवून एकजीव केले. साच्यात पाच बोटांचा आकार होताच.

येथील मर्म ध्यानात घ्या. सॅच पावलात लाकडाचा कणा घोट्यापासून चवड्यापर्यंत लांब असतो; जयपूरच्या पावलात तो घोट्यापाशीच संपतो. त्यामुळे लाकडाच्या पुढचे आणि मागचे रबर वाटेल त्या दिशेने दबू, कलू आणि पिळू शकते. वेगळा सांधा नाही, आस नाही, झिजणारे बिजागर नाही. तरीही घोट्याचे दोन्ही सांधे करतात त्या तीनही दिशांच्या हालचाली थोड्याथोड्या होतात. दगडावर पाय पडला तर पाऊल दगडाशी जुळवून घेते, पीळ वर चढत नाही आणि उरलेल्या पायाची कातडी वाचते. उकिडवे बसताना नडगी पुढे झुकते, मांडी घालताना पाऊल वळते. शिवाय बुटाची गरज नाही. अनवाणी चालता येते.

पायाचा वरचा भाग प्रथम ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा असे. भांडी घडविणाऱ्या कारागिरांसारखा ठोकून तो आकारात आणीत. पुढे त्याची जागा एचडीपीई या प्लॅस्टिकच्या नळीने घेतली. आपल्या संत्र्याच्या बागांत पाणी नेण्यासाठी जे काळे पाइप वापरतात, त्यांचीच ही जात. तो पाइप तापवून उरलेल्या पायाच्या प्लॅस्टरच्या साच्यावर ओढला, की थोड्याच वेळात पाय तयार होतो. 1975 साली डी. आर. मेहता यांनी जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली आणि हे पाऊल देशभर, तसेच अफगाणिस्तानसारख्या सुरुंगांनी पोळलेल्या देशांतही पोहोचले. डॉ. सेठी यांना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2008 साली ते निवर्तले. मास्टरजींचे नाव त्यामानाने कमी घेतले जाते. ते आज येथे मी मुद्दाम घेतो.

या पावलाची कीर्ती घरोघर गेली ती मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांच्यामुळे. 1981 साली तमिळनाडूत झालेल्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. जयपूरच्या पावलावर त्या पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या, आणि 1985 साली त्यांच्याच जीवनावरील तेलुगू चित्रपटात त्यांनी स्वतःची भूमिका केली. भरतनाट्यम् अनवाणी नाचतात, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर आपटतात. ताठ घोट्यावर हे साधणे फार कठीण. लवचीक घोट्याची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

लवचीकतेची किंमत

परंतु एखाद्या गोष्टीचा गौरव करताना तिच्या मर्यादा झाकल्या तर ते विज्ञान राहत नाही. लवचीकता फुकट मिळत नाही.

पहिली मर्यादा चवड्याची. पाऊल पुढच्या भागात फार मऊ असेल, तर टाच उचलण्याच्या वेळी शरीराला रेटा देण्यासाठी काही उरत नाही. खड्ड्यात पाय पडावा तसे शरीर पुढे कोसळते आणि माणूस ते पाऊल आखूड टाकू लागतो. फार ताठ असेल, तर टेकाड चढावे तसे शरीराला चवड्यावरून वर चढावे लागते आणि गुडघा मागे ढकलला जातो. रचनाकाराचे सारे कौशल्य या दोहोंच्या मधला बिंदू शोधण्यात आहे. आणि तो बिंदू माणसाच्या वजनाप्रमाणे, वयाप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलतो.

दुसरी मर्यादा रबराची. रबर धक्का गिळते, पण गिळलेली शक्ती परत देण्यात कंजूष असते. म्हणून जयपूरचे पाऊल जमिनीशी जुळवून घेण्यात श्रेष्ठ, परंतु पुढे लोटण्यात दुबळे. ते जडही आहे; आणि पायाच्या टोकाशी असलेले वजन प्रत्येक पावलाला झोका देऊन न्यावे लागते. तिसरी मर्यादा हातकामाची. चांगल्या कारागिराने केलेले पाऊल वर्षानुवर्षे टिकते. घाईने केलेले लवकर भेगाळते.

टिकाऊपणाचा हिशेब आपण येथेच करू. दिवसाला 6,000 पावले चालणारा माणूस प्रत्येक पायावर 3,000 वेळा भार टाकतो. वर्षाकाठी हे जवळजवळ 11 लाख होतात. कृत्रिम पावलासाठी आंतरराष्ट्रीय मानकात यंत्रावर 20 लाख वेळा भार देऊन पाहण्याची कसोटी सांगितली आहे. म्हणजे आपल्या माणसाची दोन वर्षेसुद्धा नव्हेत. शेतकरी तर याहून कितीतरी अधिक चालतो, आणि यंत्राच्या कसोटीत चिखल, ऊन व पऱ्हाटीचे खुंट नसतात. म्हणून पाय दिला आणि काम संपले, असे कधी होत नाही. दुरुस्ती आणि बदल हा उपचाराचाच भाग आहे.

पट्टी, तेल आणि वीज

हरवलेले धनुष्य परत देण्याचा प्रयत्न 1980 च्या दशकात सुरू झाला. अमेरिकेतील व्हॅन फिलिप्स यांचा एक पाय तरुणपणीच गेला होता. त्यांनी कार्बन तंतूंच्या लांब वक्र पट्टीचे पाऊल तयार केले. भार पडला की ही पट्टी स्प्रिंगसारखी वाकते आणि टाच उचलताना उसळून शक्ती परत देते. धावपटूंच्या पायाला आपण जी वाकडी पाती पाहतो, ती याच कुळातील. ही पावले हलकी आणि चपळ; परंतु महाग, आणि कडेला कलण्याच्या बाबतीत रबराइतकी मनमोकळी नव्हेत. पुढे पट्टी उभी चिरून दोन भाग करण्याची युक्ती निघाली, म्हणजे एक बाजू दगडावर चढली तरी दुसरी खाली टेकते.

2010 च्या आसपास घोट्यात तेलाचा दट्ट्या बसविलेली पावले आली. मोटारसायकलच्या शॉकॲब्सॉर्बरसारखा हा दट्ट्या घोट्याला हळूहळू वाकू देतो, त्यामुळे चढ-उतारावर उभे राहणे सोपे जाते. त्याच सुमारास, 2011 साली, मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील ह्यू हेर यांच्या संशोधनातून विजेवर चालणारा घोटा बाजारात आला. हेर यांचे दोन्ही पाय 1982 साली गिर्यारोहणात हिमदंशाने गेले होते. त्यांच्या घोट्यातील मोटार पोटरीचे काम करते आणि योग्य क्षणी शरीराला पुढे लोटते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा घोटा लावून चालणाऱ्यांचा शक्तिव्यय धडधाकट माणसांच्या जवळ येतो, असे आढळले. मूळ समस्येचे हे खरोखरीच मोठे उत्तर आहे. परंतु त्याला बॅटरी लागते, ती रोज भरावी लागते, पाण्यापासून जपावी लागते, आणि किंमत लाखांच्या घरात जाते.

आपल्या देशातही काम थांबलेले नाही. जयपूरच्या समितीने इस्रोच्या साहाय्याने पॉलियुरेथेनचे हलके पाऊल करण्याचा प्रयत्न केला. 2025 साली हैदराबादची संरक्षण संशोधन प्रयोगशाळा आणि बीबीनगर येथील एम्स यांनी कार्बन तंतूंचे देशी पाऊल सादर केले. 125 किलो वजनापर्यंत त्याची चाचणी घेतलेली असून परदेशी पावलापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडावे असा उद्देश आहे. अशा बातम्या वाचल्या की मला आनंद होतो. आणि लगेच खुंटीवरचा पाय आठवतो.

नैसर्गिक म्हणजे काय?

या सर्व विवेचनाचा मथितार्थ असा, की 'नैसर्गिक चाल' ही प्रयोगशाळेत एकदा मोजून कायमची ठरविण्याची गोष्ट नाही. धावपटूला नैसर्गिक म्हणजे उसळी. कार्यालयात काम करणाऱ्याला नैसर्गिक म्हणजे बुटात न लंगडणे. आपल्या सालदाराला नैसर्गिक म्हणजे ओल्या काळ्या मातीतून अनवाणी जाणे आणि धुऱ्यावर उकिडवे बसून विळ्याला धार लावणे. अंश आणि टक्के हे मोजलेच पाहिजेत. परंतु काय मोजायचे, हे त्या माणसाच्या दिवसाकडे पाहून ठरवावे लागते.

आपला पांढुर्णा जिल्हा 2023 साली स्वतंत्र झाला. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत शेतीयंत्रे वाढली, रस्त्यावरील वाहने वाढली, मधुमेह वाढला. या तिन्हींमुळे पाय जातात. गरजूंना साधने देण्याची केंद्र सरकारची योजना 1981 पासून आहे, शिबिरेही भरतात. शिबिरात किती पाय वाटले याची संख्या अहवालात येते. सहा महिन्यांनी त्यांतील किती खुंटीवर गेले, याची संख्या येत नाही. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या गावात अशी माणसे कोण आहेत याची एक वही शाळेने ठेवावी. पाय मिळाल्यानंतर पहिल्या पावसाळ्यात कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन पाहावे : जखम आहे काय, बोल्ट सैल झाला आहे काय, रबराला भेग पडली आहे काय, आणि मुख्य म्हणजे पाय अंगात आहे की भिंतीवर. मधुमेह असेल तर हे अधिकच निकडीचे, कारण त्या पायाला जखम झालेली कळतही नाही. या कामास अभियंता लागत नाही. दहावीची मुलेमुलीही ते करू शकतील.

काकांची गोष्ट अपुरी ठेवणे बरे नव्हे. मी त्यांना पुन्हा नेण्यास दोन वर्षे लाजत होतो. अखेर तिगावच्या स्थानकावर गाडीत बसवून नेले, आणि या वेळी प्रथम त्यांच्याकडून त्यांचा संपूर्ण दिवस ऐकून घेतला. मग त्यांना जयपूरचे पाऊल बसविले. ते पहिल्या पायाइतके सुरेख चालले नाहीत. फरशीवर थोडे डुलतच चालले, आणि वजनाची तक्रारही केली. परंतु त्या वर्षी पोळ्याला तोरणाखाली बैलजोडी घेऊन ते स्वतः गेले, अनवाणी. तीन वर्षांनी त्या पावलाला भेग पडली, तेव्हा ते बदलून घेण्यासाठी ते आपणहून, एकटे, गाडीने आले.

गुरुजी आज असते तर त्यांनी मला विचारले असते, आणि मी खाली मान न घालता उत्तर देऊ शकलो असतो.